भावाने बहिणीला आवरले

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट न उघडताच बाजूला टाकलं नसशील, एवढीच आशा. पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिचा पिच्छा पुरवला.

इकडे ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढलाय. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून मुलांसाठीच्या एका इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम घेतलंय. तिसऱ्या मजल्यावरची खोली, दोन टेबलं, एक रडका पंखा. संपादकबाईंना आम्ही सगळे हेडबाई म्हणतो. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण चूक सापडली की पाचवीतल्या पोरासारखं मला उभं करतात.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला जिंकण्याचे नि रोखण्याचे शब्द दिले. कॉन्कर म्हणजे जिंकणे, सबड्यू म्हणजे नमवणे, सप्रेस म्हणजे दडपणे, कर्ब म्हणजे लगाम घालणे. प्रत्येकाला एक वाक्य. राजा, घोडा, बंड, खर्च, भराभर लिहीत गेलो. रिस्ट्रेनपुढे 'आवरणे' लिहिलं आणि खाली वाक्य आपोआप उतरलं: 'भावाने बहिणीला आवरले.'

हेडबाईंनी त्यावर पेन्सिल टेकवली. "का आवरलं? काय करत होती ती?"

"घराबाहेर पडत होती."

"मग आवरलं कसं? आवरतात तो राग, रडू, अंगावर धावून जाणारा माणूस. ही तर नुसती निघाली होती. अडवलं म्हणा." मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "काका, पाणी आणू का?"

ती दुपार तू विसरली नसशील. नर्सच्या नोकरीची तुझी मुलाखत, दोनची बस. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. तू कडीला हात घातलास तसं मी तुझं मनगट धरलं आणि पिरगाळलं. बस गेली. मनगट टम्म सुजलं. आत अंथरुणाला खिळलेल्या आईला आपण सांगितलं, जिन्यात पाय घसरला. तू मला एकच विचारलंस, "बाबांनी सांगितलं तुला?" मी मान हलवून हो म्हटलं.

बाबांनी सांगितलं नव्हतं, ताई.

ते तुझ्या बॅगेला कुलूप आणायला बाजारात गेले होते. परत आले तेव्हा मी म्हणालो, "तिनंच जायचं रद्द केलंय. वैतागलीय, बोलू नका तिच्याशी." ते बिचारे खरंच बोलले नाहीत. तू तो अबोला म्हणजे कबुली समजलीस.

मी घाबरलो होतो. तू गेलीस तर आईचं सगळं माझ्या अंगावर येईल, कॉलेज सुटेल, एवढंच. यापेक्षा मोठं कारण खूप शोधलं. नाही सापडलं.

तीन वर्षांनी, आई गेल्यावर, तू घर सोडलंस ते कायमचं. बाबा अधूनमधून विचारायचे, "पोरीचं काय बिनसलं रे माझ्याशी?" मी म्हणायचो, "कामात असेल." अकरा वर्षांपूर्वी, त्यांच्या शेवटच्या आजारपणात, मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "ज्यांनी मला कोंडलं, त्यांना बघायला मी येणार नाही." रिसीव्हर माझ्या हातात होता. बाबा पलीकडच्या खाटेवर, जागे. "काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. "लाईन लागत नाही," मी सांगितलं. दोन दिवसांनी गेले.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागायला तोंड नाही. तू उत्तर पाठवलंस, त्यात नुसत्या शिव्या असल्या तरी एकही ओळ न गाळता वाचेन. नाही पाठवलंस तरी समजेन.

बाबांवरचा राग मात्र आज सोड. तो त्यांचा कधीच नव्हता. पहिल्यापासून माझा होता, मी तो त्यांना वाहू दिला.

धाकटा