जोडाचं चाक

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. दिवसभर भट्टीपाशी समोरासमोर असायचो आपण. पण आज काशिनाथ आला होता, लॉरीचं नवं चाक दाखवायला. तो गेल्यापासून त्याचंच बोलणं मनात घोळतंय. तुम्हाला नाही सांगायचं, तर कुणाला?

लग्न होऊन रेवदंड्याला आले आणि तुम्ही लगेच माझ्या हातात भात्याची दोरी दिलीत. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची होती. शेणीच्या जाळात ते कडं लालबुंद झालं, दोघांनी सांडशीनं उचलून लाकडावर बसवलं, आणि तुम्ही ओरडलात, "पाणी वत, पाणी!" केवढी वाफ! धाव आवळत गेली तसे चाकाचे सांधे कडाकडा वाजले. मी घाबरले. तुम्ही हसत होतात.

नवं चाक लागलं की गाडी ओल्या वाळूनं भरून फिरवायची आणि मग मालाच्या पहिल्या खेपेला स्वतः वर बसायचं, हा तुमचा नेम. "आपण बनवलं, आपण बसायचं." बैलगाडीपुरतं ठीक होतं हो! मोटारीला कशाला लावलात?

मासळीच्या लॉरीचं चाक तडकलं, तेव्हा तिचा ड्रायव्हर काशिनाथ रडकुंडीला येऊन दारात उभा राहिला. "दादा, मुंबईवरनं चाक येईस्तोवर समदी सुरमई सडंल. कायतरी करा."

तुम्ही तडा तापवलात, घणानं ठोकून सांधलात. मग चाक आंब्याला टांगून हातोडीनं वाजवलंत. सगळीकडे खणखणीत, सांध्यापाशी मात्र आवाज बसला.

"हितं बसकं वाजतंय," मी म्हटलं.

"मोटारीचं लोखंड हाय ह्ये. त्येची बोली आपल्याला न्हाय कळायची."

कळत नव्हती, तर थांबला का नाहीत?

वाळूची पोती भरून मिठागराच्या रस्त्यानं लॉरी फिरवलीत. चाक टिकलं. कोळणींनी टोपल्या चढवल्या आणि तुम्ही बरोब्बर त्या चाकावरच्या फळीवर जाऊन बसलात. मला हात केलात. पुढे उताराच्या वळणावर चाक सांध्यातच उकललं. लॉरी कलंडली. काशिनाथ खरचटून वाचला, तुम्ही खाली सापडलात.

लोक म्हणाले, देवाची मर्जी. मला राग देवाचा नाही येत, तुमचा येतो.

आज काशिनाथनं ते नवं चाक घरंगळत अंगणात आणलं. "वहिनी, कारखान्यात लोखंडाचा तापलेला गोळा यंत्रात दाबून काढत्यात. सांधाच न्हाय." मी बोट फिरवून पाहिलं. खरंच नव्हता.

"आन तपासत्यात कसं?"

"वजन लादून यंत्रावरच फिरवत्यात, मोडंस्तोवर. येखादं मुद्दाम मोडायचं, म्हंजी बाकीची किती सोसतील त्ये कळतं."

"वर कोन बसतं?"

त्यानं मान खाली घातली. "कोन न्हाय, वहिनी."

कुणी बसत नाही हो! कुणाला बसावंच लागत नाही! बिचारा माझं समाधान करायला आला होता. चाक तसंच घरंगळत घेऊन गेला, आणि मी उंबऱ्यावर बसून राहिले.

भट्टी एकटीनं चालवून पाहिली. भाता ओढला तर घण कोण मारणार? आणि मारायचा तरी कशावर? बैलगाड्यांनाही आता रबराचे टायर लागतायत. आपल्या दारात चाक घेऊन कुणी येत नाही, आणि येणारही नाही.

अजून मी दोघांचा भात रांधते. उरलेला गाईला घालते, आणि संध्याकाळी पुन्हा तेवढेच तांदूळ धुते. बरी होईन, असं वचन देत नाही, खोटं ठरेल. एवढंच कबूल करते, उद्यापासून माझ्यापुरतेच तांदूळ घेईन.

तुमची,
गोदा