चालकाचा घोट

सोमवार, ६ ऑक्टोबर

पोचले बाई एकदाची! डंडीहून निघाल्यापासून लख्ख ऊन. स्कॉटलंडात ऑक्टोबरात असं ऊन पडलं म्हणून सांगितलं तर लोक मला थापाडी म्हणतील. नव्या नोकरीतलं पहिलंच काम: व्हिस्कीच्या भट्ट्या दाखवणारी मोटारसहल आखायची. रस्ता देखणा हवा, भट्ट्या लहान हव्यात, जेवण गरम हवं. ब्रेमार, टोमिंटूल, डफटाउन हा रस्ता तर शेंबडं पोरही सांगेल. म्हणून मी मधलं ओरव्हलचं खोरं धरलं. एकेरी रस्ता, दोन्हीकडे तांबूस झालेलं नेचं, आणि मेंढ्या अशा ऐटीत बसलेल्या की जणू रस्त्याचा कर त्याच भरतात.

मिसेस मॅकिलॉपकडे उतरलेय. म्हातारी गोड आहे. हॅडक माशाचं सूप वाढलं, वर दामटून आणखी वाढलं. लेकीशी, एफीशी, फोनवर बोलले. शुक्रवारी घरी येते म्हणून कबूल केलंय. सहा वर्षांची आहे, पण वकिलासारखी उलटतपासणी घेते.

मंगळवार

खोऱ्यातली एकुलती एक भट्टी पाहिली. तांब्याची दोन बुटकी भांडी आणि ती सांभाळणारा फर्गस टुलक. काय वास तिथला, अहाहा! सहलीत ही हवीच.

मी गाडी घेऊन गेलेली, तेव्हा घोट मिळणार नव्हताच. चालकाचा वाटा इवल्या बाटलीत भरून हातात देतात, घरी जाऊन प्यायला. सगळ्याच भट्ट्यांची ही रीत. फर्गसने मात्र बाटली देताना माझं मनगट धरलं आणि घरीच प्यायची हं पोरी, घरीच, असं बजावलं. मी म्हटलं, आजोबा, मी काय पहिल्यांदा गाडी चालवतेय?

संध्याकाळी गारठा मी म्हणत होता. गाडी अंगणात उभी, बिछाना माडीवर. मी आता कोणाला धडकणार? प्यायले. मधासारखी, मग धुरासारखी. झकास.

मिसेस मॅकिलॉपने रिकामी बाटली पाहिली आणि मटकन बसली. मग उठली, पाहुण्यांच्या खुंटीवरचा माझा कोट काढला आणि स्वयंपाकघरात आपल्या कोटाशेजारी अडकवला. म्हाताऱ्या माणसांचं काही कळत नाही.

बुधवार

टोमिंटूलला निघाले. चढ चढले, गुरं अडवायची लोखंडी जाळी ओलांडली, माथ्यावर आले. खाली टोमिंटूल नव्हतं. मिसेस मॅकिलॉपचं पांढरं घर होतं आणि दोरीवर माझीच चादर वाळत होती.

वळण चुकलं म्हणावं तर रस्ताच एक! ब्रेमारच्या बाजूने गेले. जाळी, माथा, पांढरं घर. पेट्रोल संपेपर्यंत तेच. मग पायी. पायीही तेच.

गुरुवार

फर्गसवर जाऊन ओरडले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. म्हणाला, शाप नाही गं, कोणाचं वैरही नाही. ही व्हिस्की जिथे प्याल ते तुमचं घर, एवढंच ती जाणते. भट्टीतले आम्ही सगळे असेच राहिलेलो. मग आधी स्पष्ट का नाही सांगितलंस, मेल्या? तर म्हणे, सांगितल्यावर लोक हसतात आणि मुद्दाम इथेच पितात.

तो स्वतः ॲबर्डीनहून पिंपं न्यायला आलेला. मिसेस मॅकिलॉप मधुचंद्राला आलेली. तिचा नवरा प्यायला नव्हता. तो दर उन्हाळ्यात यायचा, स्वयंपाकघरात बसायचा. मग यायचा थांबला.

मला घरी जायचंय. मला माझी एफी हवीय. बस.

शुक्रवार

घरी फोन लागला. सांगणार काय? गाडी बिघडलीय म्हटलं. माझा नवरा, रोरी, म्हणाला, येतो न्यायला. एफीला आणू नकोस म्हटलं — दोनदा म्हटलं — तर हसला. म्हणाला, तिने बूट घालून ठेवलेत.

मी आणखी जोरात का नाही बोलले? कारण मला ती दिसायला हवी होती. खरं तेच आहे.

शनिवार

आले. पाऊस. एफी गाडीतून उडी मारून चिखलातून धावत आली, चिंब. तिच्या केसांचा वास —

रोरीला म्हटलं, आत्ताच्या आत्ता माघारी फिर, मला इथेच सोड. म्हणाला, वेड लागलंय का तुला? थकलाय, चहा हवाय. इथलं काही पिऊ नकोस म्हटलं. डोळे मिचकावून बरं म्हणाला. तोंडी सांगून त्याला पटत नाही, म्हणून बॅगेतून एफीचे कोरडे कपडे काढायला वर आलेय तशी हे लिहितेय. पान फाडून त्याच्या हातात देणार. रोरी, थट्टा नाही ही. तिला घेऊन जा. मोठी झाली की सांग, आईने —

एफी खोकतेय. खाली मिसेस मॅकिलॉपचं लाडाने बोलणं ऐकू येतंय. घरात पोर आलं की किती बरं वाटतं, असं काहीतरी. केटली शीळ घालतेय.

लिंबाचा वास. मधाचा.

पोर खोकलं की आमच्याकडे सगळ्या आज्या हेच करतात, माझ्याही आजीने केलं — गरम पाणी, मध, लिंबू, आणि वरून भट्टीतली एक चमचा —