गुरं किती, हे विचारू नये

अल ऐन, मंगळवार, संध्याकाळ

डेअरीतला आमचा आयरिश मॅनेजर शॉन आज गावाकडच्या शेतकरी भावाशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता. पाऊस, गवत, शेजाऱ्याचं कुंपण. मी मध्येच भावाला विचारलं, "तुमच्या गाई किती?" तो घुटमळला. "आहेत थोड्या." फोन ठेवून शॉन हसला. "इंजिनिअर, आमच्यात हे विचारत नाहीत. पगार विचारल्यासारखं होतं."

गावी माझे वडील, आप्पाही गुरं मोजू द्यायचे नाहीत. लहानपणी मी मोजू लागले की माझं बोट मुठीत धरायचे, दृष्ट लागेल म्हणून. कसं विसरले मी? दर फोनला माझा पहिला प्रश्न तोच, गोठ्यात किती? "आहेत की," म्हणतात, आणि फोन आईकडे देतात.

आज फोनवर आप्पांना फक्त गवताचं विचारलं. वीस मिनिटं बोलले. मग आपणहून म्हणाले, "तुझी ढवळी गाय विकली गं. तुला सांगायचा धीर होत नव्हता."