यादीत न घातलेल्या सव्वीस मेंढ्या

मी, कुंडलिक भिमा शिंगाडे, वय अदमासे बहात्तर (जन्माची नोंद कुठेच नाही, म्हणून अदमासे), धंदा मेंढपाळी व थोडी शेती, राहणार पळसदेवची शीव, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. म्हाताऱ्याला काहीबाही पाजून सही घेतली असे उद्या कोणी म्हणेल, म्हणून सांगतो की सकाळपासून पोटात फक्त चहा गेला आहे आणि तोही मी माझ्या हाताने केलेला.

लिहिणारी माझी सून रोहिणी, दहावी पास. तिच्या नवऱ्याला यात वाटा आहे, म्हणून प्रत्येक कलम लिहून झाले की जोतीराम गुरुजींनी ते मला मोठ्याने वाचून दाखवायचे असे ठरले आहे. हे ऐकून रोहिणीने नाक मुरडले. मुरडू दे.

कलम १. पत्र्याचे घर, दोन एकर रान आणि पाण्याच्या कडेची मोटार माझा मुलगा मल्हार याला. तो बारामतीच्या एमआयडीसीत फटफटीवर जातो, रानात त्याचे लक्ष नाही, हे मला दिसते. तरी रान कोणाला खंडाने देऊ नये. खंडाने घेणारा पहिल्या वर्षी बांध कोरतो आणि दुसऱ्या वर्षी विचारायला गेलो की आवाज चढवतो.

कलम २. लोकर कातरायच्या दोन्ही कातरी व माझी घोंगडी मल्हारनेच ठेवावी. शेजारी कातर मागायला येतील. देऊ नये. एकदा नेलेली कातर आठ महिन्यांनी आली, ती पत्रा कापून. कोणी पत्रा कापला ते मला ठाऊक आहे, पण तो आता वारला, म्हणून नाव घालत नाही.

कलम ३. मेंढपाळ संघातले माझे सभासदत्व. संघ १९९१ साली दादासो कोकरे यांनी उभा केला. चांगला शिकलेला माणूस नोकरी सोडून मेंढरांच्या मागे का लागतो, हे मला तेव्हाही कळले नाही. मी सभासद झालो तो माझी धाकटी बहीण नकोशी मागे लागली म्हणून. ती नवऱ्यामागे माझ्या वस्तीला आली. तिच्या मेंढ्या माझ्याच कळपात चरायच्या. तिच्या मेंढ्यांच्या डाव्या कानाला खाच, माझ्या उजव्या. तिच्या जगण्याला दुसरा आधार नव्हता.

संघाचा फायदा काय झाला, ते खोटे न लिहिता लिहितो. सगळ्यांची लोकर एकत्र विकली जाऊ लागली, तेव्हापासून व्यापारी काट्याला हात लावीनासा झाला. जातिवंत मेंढा आला, त्याची पिल्ले अंगाने भरली. मावळाच्या बाजूला जंगलखात्याच्या शिपायाने कळप अडवला होता, तेव्हा दादासो संघाचे पत्र घेऊन रात्रीचा प्रवास करून आले आणि कळप सोडवून दिला. चहासुद्धा घेतला नाही. चहा न घेणाऱ्या माणसाची मला जास्तच भीती वाटते. पुढच्या मतदानाला हा काहीतरी मागेल असे मी धरून चाललो होतो. सहा वर्षे झाली, अजून काही मागितले नाही. मी वाट बघतो आहे.

कलम ४. हे कलम मी मेल्यावर दादासो कोकरे यांनी नकोशीला वाचून दाखवावे.

आमच्यात कळपाचा आकडा कोणाला सांगत नाहीत. दृष्ट लागते, कळप ओसरतो. कोणी विचारले तर 'हायत चार-दोन' म्हणायचे. १९९४ च्या पावसाळ्यात संघाच्या यादीत आकडा हवा होता. खरा आकडा शहात्तर होता, माझ्या त्रेपन्न आणि नकोशीच्या तेवीस. मी पन्नास सांगितला आणि अंगठा दिला. दृष्टीची भीती होतीच, पण खरे सांगायचे तर त्याहून जास्त भीती यादीची होती. यादी एकदा सरकारात गेली की त्यावर काय पट्टी बसेल, कोण सांगणार.

त्याच वर्षी थंडीत मेंढ्यांवर देवीची साथ आली. संघाने यादीप्रमाणे लस आणली. बर्फाच्या डब्यातून बाटली काढायच्या आधी दादासोंनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "तात्या, आणखी हायत्या का? आताच सांगा. मी कुणाला बोलणार न्हाय. पर वाढीव बाटली आणाया मला आजच पुण्याला जावं लागंल."

मी म्हणालो, "न्हाईत."

तेव्हा सव्वीस मेंढ्या ओढ्यात दडवलेल्या होत्या. नकोशीच तिथे राखण बसली होती, माझ्या सांगण्यावरून. त्या सव्वीसात माझ्या तीन म्हाताऱ्या आणि बाकी सगळ्या डाव्या कानाच्या. कोणत्या पन्नास पुढे काढायच्या हे मी निवडले होते. हे चुकून झाले नाही.

माझ्या पन्नासातली एक दगावली. नकोशीच्या तेवीसातल्या एकोणीस गेल्या. उरलेल्या चारांचे डोळे गेले. नकोशी प्रत्येकीला पुरायला स्वतः आली. मी तिला सांगितले की दादासोने लस कमी आणली, तुझे नाव संघात नाही म्हणून तुझ्या मेंढ्या मुद्दाम सोडल्या. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. इंदापूरच्या बाजारात तिने दादासोंना चारचौघांत नको ते बोलून घेतले, तुझं पोरगं असंच तडफडंल इथपर्यंत. त्यांच्या पिशवीत यादी होती. पन्नासच्या पुढे माझा अंगठा होता. काढून दाखवली असती की संपले होते. त्यांनी काढली नाही. या माणसाचा डाव काय असेल म्हणून मी दोन वर्षे डोके खाजवले. आता वाटते, डाव काही नव्हता. धनगराचा आकडा भर बाजारात बोलायचा नसतो, एवढेच त्यांनी पाळले.

नकोशी त्यानंतर संघाच्या वाटेला गेली नाही. आज साठीच्या पुढे दुसऱ्याच्या वांग्यात खुरपते. मला जेवायला वाढताना अजून दादासोला शिव्या देते. तो घास मला गिळवत नाही.

म्हणून माझा अर्धा कळप व संघाचे सभासदत्व माझ्यामागे नकोशीला.

कलम ५. येथपर्यंत लिहून रोहिणीने पेन खाली ठेवले. म्हणाली, "आबा, मेल्यावर वाचायचं आसंल तर मी फुडं लिवत न्हाय." मी आवाज चढवला. ती उठली, खुरपणीतून नकोशीला घेऊन आली आणि कलम ४ तिच्यासमोर वाचले. गुरुजींनीही तिला थांबवले नाही. दोघे आधीच ठरवून बसले होते की काय, देव जाणे.

नकोशी उंबऱ्यात बसून सगळे ऐकत होती. मला वाटले रडेल, नाहीतर मारेल. ती बराच वेळ हाताची माती काढत राहिली. मग म्हणाली, "दादा, अर्धा कळप नगं मला. मेल्या तेवढ्याच दे, आन आत्ता दे. आन त्या दादासोला बोलीव. त्येच्या म्होरं सांग."

दादासो आले. मी त्यांच्यासमोर सांगितले. नकोशीने उठून त्यांच्या पायांवर डोके ठेवले तेव्हा ते मागे सरले आणि त्यांचे डोळे भरून आले. मग ती मेंढ्यांच्या वाड्यात शिरली आणि एकेक मेंढी चाचपून बाहेर काढू लागली. चांगल्या चांगल्या काढल्या. मी अडवले नाही. अंगणात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने दादासोंना आकडा सांगितला, "एकुणीस. माझ्या नावावर लिवा."

सबब कलम ४ मधील कळपाची व सभासदत्वाची वाटणी रद्द. नकोशीला आता माझ्या सभासदत्वाची गरज नाही, ती स्वतः सभासद झाली. उरलेला कळप व माझे सभासदत्व मल्हारला.

मेंढ्या घेऊन ती वस्तीच्या पलीकडच्या बाजूला गेली. तिची चूल तिने आजपासून वेगळी मांडली आहे. माझ्या मयताला तिला कोणी बोलावणे धाडू नये. यायचे असेल तर ती येईल.

वरील मजकूर गुरुजींनी वाचून दाखवला, मी ऐकला, एक शब्दही कमीजास्त नाही. खाली अंगठा माझा.

लिहून देणार: कुंडलिक भिमा शिंगाडे, डाव्या हाताचा अंगठा
लिहिणार: सौ. रोहिणी मल्हार शिंगाडे

साक्षीदार:
१. जोतीराम मारकड, निवृत्त शिक्षक, सही
२. दादासो कोकरे, मेंढपाळ संघ, सही

ठिकाण: पळसदेवची शीव, तालुका इंदापूर
दिनांक: ९ मार्च १९९७