डबी जागेवरच आहे

आई, मी धरणाच्या काठावर बसले आहे. मे महिना आहे, पाणी इतकं मागे हटलंय की पावसाळ्यात जिथे होड्या चालतात तिथे आज म्हशी चरतायत. मुंबईहून शनिवार-रविवारी येणारी माणसं या वाळूच्या पट्ट्याला बीच म्हणतात, फोटो काढतात आणि अंगठ्या हरवून जातात. त्यांच्या वेंधळेपणावर माझं पोट चालतं. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तेव्हा तुला यातलं काहीच ठाऊक नाही. मांडीवर वही आहे, शेजारी यंत्र पडलंय आणि वर रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी सकाळपासून उभी आहे. गाडीतल्या माणसाला वाटतंय, मी कोणाची तरी अंगठी शोधायला इथे आले आहे. नुसती बसून राहिले तर त्याला शंका येईल, म्हणून लिहितेय. विचारलंच तर सांगेन, शोधून झालेल्या जागांचा नकाशा काढते.

यंत्र म्हणजे एक लांब दांडी आणि तिच्या टोकाला ताटलीसारखी चकती. जमिनीवरून फिरवायची, खाली धातू असला की कानात आवाज येतो. तुझं यंत्र म्हणजे तुझे पाय. सराफ बाजारातल्या दुकानांचा केर उचलून आणायचीस, आपल्या स्वयंपाकघराच्या मोरीत बसून घमेल्यात धुवायचीस आणि तळाशी उरलेली सोन्याची कणी कागदाच्या पुडीत बांधायचीस. बाबा जेवताना मुद्दाम दाताखाली खडा आल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, आज भाकरीत दोन गुंजा निघाल्या. तू हसायची नाहीस, पण त्यांना आणखी एक भाकरी वाढायचीस. आपल्या गावच्या गंगेवर कोणाचं काही पडलं की घाटावरून तुला बोलावणं यायचं. तू साडीचा काचा मारून गुडघाभर पाण्यात उतरायचीस आणि तळव्यांनी तळ चाचपत पुढे सरकायचीस. अंगठी असली तर अंगठ्याला आधी कळतं, असं म्हणायचीस. तुझी अट मात्र पक्की असायची. ‘ज्याचं हरवलं त्यानं सोता काठावर उभं राहायचं, नायतर मी पाण्यात उतरायची नाय.’ आणि माणूस मेलेलं असेल तर तू हातच लावायची नाहीस. मेलेल्याचं ते गंगेचं, बास.

मी बारावी झाले तेव्हा तू मला सराफाकडचं जुनं भिंग आणून दिलंस. इतर मुलींना घड्याळं मिळाली होती, मी दोन दिवस तोंड फुगवून होते. मग तूच मला दागिना वाचायला शिकवलंस. पडलेल्या दागिन्याची कडी झिजून पातळ झालेली असते, ओढून तुटलेल्याची कडी लांबलेली असते, काढून ठेवलेल्याची कडी नीट असते. ती विद्या मला इतकी आवडली की ती कुठे वापरायची नाही हे शिकायचं राहूनच गेलं.

घाटावरच्या त्या कुडीचा दिवस तुला आठवत असेलच. उपाध्यांच्या घरची नवी सून, तिच्या कानातली एक कुडी आंघोळीच्या वेळी पाण्यात पडली म्हणून तिची सासू तुला घेऊन गेली होती. सून पायरीवर ओल्या साडीत उभी आहे, सासू छत्री धरून. तू तासाभरात कुडी काढलीस, मी भिंग लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘ही पडलेली नाही. फिरकी लावून बंद केलेली आहे. पडली असती तर फिरकी वेगळी सापडली असती.’ सासूने सुनेकडे बघितलं. सून माझ्याकडे बघत होती. पुढच्या आठवड्यात ती माहेरी गेल्याचं कळलं आणि परत आली नाही. तिने ती कुडी कोणासाठी पाण्यात दडवली होती, घरात काय अडचण होती, देव जाणे. घरी आल्यावर तू चुलीपुढे बसलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, ‘आपल्याला कळतं, म्हणून तर आपण गप बसायचं. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाय. एक दिवस कुणाचा तरी जीव घेशील.’ मला तेव्हा तुझा राग आला होता. खरं बोलले त्यात माझं काय चुकलं, असं वाटलं होतं. खरं सांगू, परवापर्यंत तसंच वाटत होतं.

वीस दिवसांपूर्वी तो गाडीतला माणूस घरी आला. विंचूरकडचा बागाईतदार, पन्नाशीच्या आतला, डोक्यावर नुकतेच उगवू लागलेले केस. बोलायला अगदी मऊ. म्हणाला, ‘ताई, आमची धरणात गेली हो. काठावर चपला आन् पिशवी सापडली, बाकी काय नाय. दोन दिवस पाणी ढवळलं लोकांनी.’ मग दर्भाची बाहुली करून दहन केलं, घाटावर दहावा केला. पिंड ठेवला, सगळे दोन तास उन्हात उभे राहिले, आणि कावळा शिवला नाही. शेजारच्या पिंडांवर कावळे तुटून पडत होते, हिच्याकडे एकाने मान वळवली नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला. पण गावातल्या म्हाताऱ्या म्हणायला लागल्या, बाईचा जीव दागिन्यात अडकलाय. ‘अंगावर गंठण व्हतं, जोडवी व्हती. तेवढी काढून द्या. लय उपकार होतील.’ तुझी अट मला आठवली नाही असं नाही. आठवली, आणि मी ती बाजूला ठेवली. बायको गेली तर नवराच मालक, असं स्वतःला समजावलं. आणि तो मला ताई म्हणत होता, हात जोडत होता, त्याने मी विरघळले.

दोन दिवस मी पाण्याची कड धरून फिरले. बिअरचे पत्रे, खिळे, एक नळाची तोटी, बाकी काही नाही. तो छत्री घेऊन माझ्या मागे चालायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खायला म्हणून मी वर बाभळीच्या सावलीकडे निघाले, यंत्र चालूच होतं आणि मुळाशी ते किंचाळलं. तिथवर कधी पाणी चढत नाही. वीतभर उकरलं तर स्टीलची छोटी डबी निघाली, प्रवासात हळद-कुंकू ठेवतात तसली. आत रुमालाच्या तुकड्यात गंठण, दोन जोडवी, कानातले. गंठणाचा आकडा नीट लावलेला. आई, मला आनंद झाला, खरंच आनंद झाला. मला वाटलं, मी एका दुःखी माणसाला त्याची बायको परत देतेय. मी डबी वर धरून म्हणाले, ‘दादा, पेढे वाटा. कावळा शिवेल कसा? ती गेलेलीच नाही. हे अंगावरून पडलेलं नाही, शांतपणे काढून पुरलंय. चपला मुद्दाम ठेवल्या तिने. तुमची बायको जिवंत आहे.’

तो हसला नाही, रडला नाही, खालीही बसला नाही. छत्री मिटली आणि तिची पट्टी दोनदा गुंडाळून बटण लावलं. मग म्हणाला, ‘असं व्हय.’ एवढंच. मी घाबरून हातातल्या गंठणाकडे बघितलं आणि खिशातलं भिंग लावलं. जे आधी बघायला हवं होतं ते तेव्हा दिसलं. साखळी तीन ठिकाणी तुटून जोडलेली होती. तिन्ही जोडांशी कड्या लांबलेल्या होत्या, आणि तिन्ही जोड मानेच्या मागच्या बाजूला. गंठण एकदा कशात अडकून तुटू शकतं. तीनदा मानेमागे तुटतं ते कोणीतरी पुढून धरून ओढल्यावरच. हे मात्र मी मोठ्याने बोलले नाही. अक्कल आली, पण वरात गेल्यावर.

त्याने दागिने खिशात घातले. म्हणाला, ‘डबी व्हती तशी पुरून ठेवा ताई. सोनं न्यायला ती येणारच, तिच्या माहेरी खायला दाणा नाय. हलकी लागू नये, थोडे खडे घाला.’ आवाज तोच, मऊ. आजूबाजूला म्हशी सोडल्या तर कोणी नव्हतं. मी खाली बसले आणि खडे गोळा केले. आई, मी गंठणाच्या वजनाचे खडे निवडले. हातांना सवय आहे ना. रुमालात बांधले, डबी बंद केली, माती दाबली, वर वाळलेला पाला पसरला. तू हे बघितलं असतंस तर माझ्या हातातून भिंग काढून घेतलं असतंस. तेव्हापासून त्याची गाडी रोज इथे असते. तो नसला तर त्याचा भाऊ असतो.

मी चौकीत गेले होते. तिथला माणूस वाईट नव्हता, त्याने मला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, बाई बुडाल्याची नोंद आहे, तुम्ही म्हणता जिवंत आहे, ही तर चांगली बातमी झाली. गुन्हा कोणता लिहू? नवरा आपल्या बायकोची वाट बघतोय, हा? कुठे राहते ती? ते मला ठाऊक नव्हतं. सगळं बोलणारी मी, साखळीच्या कड्यांचं न सांगताच उठून आले.

आणि सोमवारी त्या बाईचाच फोन आला. इथल्या चहाच्या टपरीवरच्या पाटीवर माझा नंबर रंगवलेला आहे, ‘हरवलेले दागिने शोधून मिळतील’. तिने तो कधीतरी लिहून घेतला असणार. मागे कांद्याचा लिलाव चालू होता, बोली लावणाऱ्याचा आवाज स्पष्ट येत होता. देवळ्याचा बाजार असेल, नाहीतर कळवणचा. कोणाचा तरी फोन मागून बोलत होती, घाईत. ‘ताई, तुम्ही धरणावरलं सोनं शोधता ना? माझी एक डबी हाय तिथं, बाभळीखाली. काम मिळालंय मला, पण खोलीला आगाऊ मागत्यात, आन् माझ्यापाशी दुसरं काय नाय. तुम्ही जात-येत असता. तेवढं बघून सांगा, हाय का जागेवर. मी बुधवारी दुपारी येऊन नेईन.’ मग फोन तुटला. नंतर लावला तर एक माणूस म्हणाला, कोण बाई, इथं लिलावाला शंभर बाया येतात. परत लावला तर बंद.

आज बुधवार आहे. मी सकाळी आठपासून दोन वाटांच्या मध्ये बसले आहे. एक वाट द्राक्षबागांकडून खाली येते, दुसरी रस्त्यावरून, गाडीच्या अगदी शेजारून. ती बागांकडून आली तर मी तिला बाभळीआधी गाठू शकते. रस्त्यावरून आली तर आधी ती त्याला दिसेल. मघाशी तो खाली येऊन मला पाण्याची बाटली देऊन गेला. म्हणाला, ‘ऊन लय हाय ताई, सावलीत बसा.’ मी बाटली उघडलेली नाही.

फोन तुटला असं मी वर लिहिलंय ना, ते खोटं आहे. तुला तरी खोटं कशाला लिहू. फोन तुटला नाही. ती विचारून थांबली होती, माझ्या उत्तराची वाट बघत. लिलावातले दोन आकडे पुकारून होईपर्यंत थांबली होती. ‘येऊ नकोस’ एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण ते म्हटलं असतं तर ती विचारणार, का? मग मला सांगावं लागलं असतं की तुझी डबी मी उकरली, तुझ्या नवऱ्याला मीच सांगितलं, आणि आत खडे मी माझ्या हाताने भरले. आयुष्यभर नको तिथे बोलले आणि तिथे मला लाज वाटली. मी म्हणाले, ‘हो बाई. डबी जागेवरच आहे.’ तर ती म्हणाली, ‘देव तुमचं भलं करो,’ आणि तिने फोन ठेवला.

वर सिक्स-सीटर रिक्षा थांबली आहे. रस्त्याच्या बाजूला. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक बाई उतरली, हातात कापडी पिशवी. ती खाली काठाकडे बघतेय, बाभळीकडे. त्याच्या गाडीचं दार उघडल्याचा आवाज इथवर आला. आई, मला आता ओरडून तिला हाक मारायला हवी, आणि तिचं नाव मी कोणाला विचारलेलंच नाही.