लांब रोटीचा मान

जरीपटका, नागपूर

प्रिय जितेंद्र,

फोनवर बोललो असतो तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या, आणि शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला असता. म्हणून लिहितोय. कामिनीवहिनींच्या डब्याबरोबर हे पत्र येईल. आधी जेव, मग वाच.

वहिनींनी काल सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वीच तुला सिलिॲक निघाला. गव्हाचा कणही चालत नाही, पोटात गेला की आतडं आतून सोलवटतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. चक्कीत गव्हाचं पीठ मिसळतं म्हणून त्या माउलीनं ज्वारी घरीच दळली. हिंगात मैदा असतो कळल्यावर हिंगाची डबी फेकली. तरी तुझं रक्त वाढेना, बी-ट्वेल्व्ह वाढेना, फॉलिक ॲसिड वाढेना. डॉक्टर गोळ्या बदलून थकले. वहिनींना वाटत राहिलं, आपलंच काहीतरी चुकतंय. आणि तू, गाढवा, दर रविवारी खापरखेड्याहून आमच्याकडे येऊन, माझ्या आईनं मडक्यावर भाजलेल्या गव्हाच्या लांब रोट्या मटणाच्या रश्श्यात बुडवून हाणत होतास. वर पुन्हा, ‘दे न वं मावशी, आणखी एक!’

काहून रे? हे मी वहिनींना विचारलं. तर म्हणाल्या, तुझं एकच पालुपद: भीमामावशीच्या घरचं ताट मी परत सारलं तर तिले काय वाटन?

तेव्हा मला तुमच्या गावची ओसरी आठवली. आपण आयटीआयला होतो. तुझ्या वडिलांनी, महादेवरावांनी, माझ्या आईला चहा दिला तो वेगळ्या कपात. तिनं तो कप स्वतः विसळून वळचणीला ठेवला. तू ते पाहिलंस आणि त्या घरात पुन्हा चहा प्यायला नाहीस. त्या दिवसापासून मी तुला भाऊ मानतो. पण बापाच्या कपाचं प्रायश्चित्त माझ्या आईच्या हातून घ्यायचं तुला कोणी सांगितलं? तिला विचारलंस? जिनं जन्मभर खरे नकार पचवले, तिला आजारी पोराचा नकार ओळखता आला नसता होय? इतकी काचेची समजलास तू तिला? मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे. मान देता देता तू आमचा अपमान करून बसलास.

डॉक्टरांनी वहिनींना समजावलंय. ही जीवनसत्त्वं कमी पडली की रक्तात होमोसिस्टीन नावाचं काहीतरी वाढतं. ते वाढलेलं असलं की हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका, आणि आतड्याची ती धगधग सुरू राहिली तर त्यात भरच. चाळिशीही न गाठलेला माणूस कामावर असताना वीज प्लांटच्या जिन्यात छाती धरून खाली बसतो, याला ते नशीब म्हणत नाहीत. मीही म्हणत नाही. पुन्हा असं झालं तर मी आईला काय सांगू? तुझ्या हातच्या रोटीनं गेला म्हणून?

आज सकाळी तिला खरं ते सांगितलं. मला वाटलं रडेल, कपाळ बडवून घेईल. तिनं चुलीतलं जळतं लाकूड मागे ओढलं. मग तुझ्यावर अशी काही भडकली की माझा राग त्यापुढे काहीच नाही. शेवटी म्हणाली, “लिव त्याले. दवाखान्यातून सुटला का पयले माह्या घरी ये म्हना. मी रोटी पुढं करीन. त्यानं माह्या तोंडाकडं पाहून ‘नाही खात’ म्हनावं. माह्यं तोंड उतरते का, तेही त्यानंच पाहावं. मंग मी भात टाकीन.” तेवढंच सांगायला हे पत्र आहे. ये, आणि माझ्या आईला नाही म्हण.

तुझाच,
धम्मदीप