समोरच्या फळीवरचा गवंडी

३ फेब्रुवारी

समोरच्या इमारतीला बाहेरून गिलावा सुरू झाला! आमच्या गॅलरीसमोर, गल्लीपलीकडे, परांचीच्या फळीवर एक गवंडी उभा. थापीचा आवाज — थप्, सर्र. थप्, सर्र. मात्रा मोजल्या तर बसतील एखाद्या वृत्तात.

वाळत घातलेल्या चादरी नेमक्या आड येतात. स्वयंपाकघरातलं स्टूल आणून त्यावर उभा राहिलो. एक पाय डुगडुगतो. खाली पुठ्ठ्याची घडी सारली. आता सगळं दिसतं.

५ फेब्रुवारी

गवंडी गातो! शब्द भलतेच, पण चाल माझ्या ओळखीची. चौथीच्या वर्गात पक्ष्याची एक कविता आम्ही याच चालीवर म्हणायचो. गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ताल धरायचे आणि पहिल्या बाकापर्यंत खडूचा ढग यायचा. कवितेतला पक्षी शेवटी कुठे गेला, आठवत नाही. ढग आठवतो.

"आजोबा, झाली का झोप?" त्यानं पलीकडून विचारलं.

"झाली. तुझी?"

"इथे डोळा लागला तर कायमचाच लागेल!"

हसला. मीही हसलो.

६ फेब्रुवारी

सूनबाई त्याच साइटवर सुरक्षेचं काम बघते. उंचावर चढणाऱ्याच्या कमरेला बेल्ट, बेल्टला दोरी, दोरीच्या टोकाला हूक — आणि तो हूक कुठेतरी पक्का अडकलेला हवा. बिनहुकाचा सापडला की एकदा समज. पुन्हा सापडला की गेटबाहेर.

"पडू नयेत म्हणून घसा कोरडा करते, तर पाठीमागे मला हूकमावशी म्हणतात!"

"हूकमावशी, जरा भात वाढा," चिरंजीव म्हणाले. त्यांचं ताट बराच वेळ रिकामं राहिलं.

९ फेब्रुवारी

आज हूक उन्हात चमकला म्हणून नीट पाहिलं. गवंडी तो परांचीच्या पाइपला लावतच नाही. आपल्याच बेल्टच्या कडीत अडकवतो! दोरी निघते त्याच्या कमरेतून आणि परत त्याच्याच कमरेशी येते. खालून पाहणाऱ्याला वाटावं, गडी बांधलेला आहे. गडी मोकळा.

१० फेब्रुवारी

सूनबाईला सांगावं? त्याला एकदा समज मिळालेली आहे, तीच परवा जेवताना म्हणाली. सांगितलं तर तो गेटबाहेर. नाही सांगितलं तर —

पुढचं लिहीत नाही.

११ फेब्रुवारी

"काय रे, हूक स्वतःलाच?"

"हळू, आजोबा! हूकमावशी खाली आहे." मग हात नाचवत, "पाइपला लावला की दोन हात सरकायचीही चोरी. काढा, सरका, लावा. काढा, सरका, लावा. तोवर माल सुकतो, मुकादम बोंबलतो."

"आणि पाय घसरला तर?"

"तुम्ही आहात की बघायला!"

पुन्हा गायला लागला. आज मात्र चाल ऐकवेना.

१२ फेब्रुवारी

सांगितलं. नाव घेतलं नाही. पण त्या फळीवर माणूस एकच!

मला वाटलं, सूनबाई उठून फोन लावणार. तर म्हणाली, "बाबा, का लावत नाही म्हणतो तो?"

काढा-सरका-लावा सांगितलं.

"मग त्यानं सरकायचं तरी कसं? अडकवायला धड जागा दिलीच नाही आम्ही." आणि ताटात बोटानं रेघ ओढत बसली — या टोकापासून त्या टोकापर्यंत.

१४ फेब्रुवारी

ती ताटातली रेघ आज भिंतीवर आली! गवंड्याच्या डोक्याच्या उंचीवर, भिंतीच्या लांबीभर तारेचा दोर ताणलाय. हूक एकदा त्यात अडकवला की माणूस चालेल तसा मागून सरकत येतो. खाली गल्लीतही दोरी बांधून जागा अडवलीय. गवंडी कामावर आहे. स्टुलावर चढलो तसा ओरडला —

"चहाडखोर आजोबा!"

हसत होता. माझ्या पाठ असलेल्या एकाही कवितेत चहाडखोराला चांगली ओळ मिळालेली नाही. असो.

१६ फेब्रुवारी

थप्, सर्र. दिवसभर. बाकी काही नाही.

१८ फेब्रुवारी

आज तो पडला. म्हणजे — पडला नाही!

दुपारी वारा होता. मी स्टुलावर. चिरंजीवांचा टॉवेल दोरीवरून निसटला आणि कठड्यापलीकडे निघाला. वाकलो. स्टूल कलंडलं, गुडघा कठड्यावर आपटला, पण टॉवेल दोन बोटांत धरला! या वयात! तेवढ्यात समोरून आरडाओरडा. पाहतो तर गवंडी फळीच्या बाहेर, पाय हवेत, हूक तारेला, आणि तार वाकलेली. थापी खाली, अडवलेल्या जागेत पडली. दोघांनी दोरीला धरून त्याला आत ओढलं. खरचटण्यापलीकडे काही नाही. टॉवेलाच्या नादात तो पडला कसा, तेवढं मात्र बघायचं राहिलं.

माझ्यामुळे वाचला, असं कुणी म्हणणार नाही. म्हणून इथे मीच लिहून ठेवतो.

१९ फेब्रुवारी

सूनबाई कामावरून आली ती चपला न काढता थेट गॅलरीत. स्टूल उचललं. दारात थांबली.

"फळीवरून धावत होता तो, बाबा. मी विचारलं, धावलास कशाला? म्हणाला, समोरचे आजोबा पडत होते, त्यांना धरायला."

धरायला! मधे अख्खी गल्ली आहे.